गाडी गारठली म्हणतात

वडिलांनी मिरजेच्या डॉक्टरांकडे यायचं कबूल केलं ते अटी घालून. एकदाच येईन. एसटीनं येणार नाही, आपल्या जीपनं येईन. आणि जीप मी चालवणार. आईने या अटी मला फोनवर सांगितल्या तेव्हा मी सांगलीत वर्तमानपत्राच्या कचेरीत होते. मी सगळ्या मान्य केल्या. त्यांना गाडी चालवू द्यायची की नाही हे ऐनवेळी पाहता येईल असं ठरवलं.

डॉक्टर विस्मरणाच्या आजाराचे. आठवड्यातून एकदाच मिरजेत बसतात आणि दुपारी जेवायच्या वेळेला उठतात. नंबर मिळायला बराच काळ वाट पाहावी लागली होती. तो हुकला तर पुन्हा तेवढीच वाट पाहायची आणि वडिलांना पुन्हा तयार करायचं. यातलं दुसरं काम जास्त अवघड होतं.

औंधच्या बाजारातून घरी येताना ते वाट चुकले होते. त्याच रस्त्याने ते लहानपणी शाळेत चालत जात. विहिरीवरची मोटर सुरू करून ते घरी येऊन झोपले होते आणि पाणी शेजारच्या हरभऱ्यात गेलं होतं. दिवाळीत त्यांनी आईला आत्यासाठी लुगडं घ्यायला सांगितलं. आत्या वारली त्याला काही वर्षं झाली. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे उत्तर होतं. रस्त्याचं काम चालू होतं म्हणून वळण कळलं नाही. लाईट गेली होती, मोटर आपोआप चालू झाली. आणि आत्याचं काय, तर जीभ घसरली. "तुझी न्हाई का घसरत? सांगलीत राहून नुसती घसरतीया."

मी आदल्या संध्याकाळी गावी पोचले. सकाळी अंगणात सगळं पांढरं दिसत होतं. खटावच्या माळावर थंडीत असं होतं. यमाईचा डोंगर धुक्यात होता आणि जीपच्या काचेवर दव साचून खाली ओघळ आले होते. आईने डबा बांधला होता. जुने रिपोर्ट पिशवीत होते. वडील स्वेटर, कानटोपी आणि पॉलिश केलेले बूट घालून कट्ट्यावर बसले होते. सैन्यात त्यांची सगळी नोकरी गाड्या दुरुस्त करण्यात गेली. निघायच्या दिवशी ते नेहमी सर्वांच्या आधी तयार असतात.

"गरम करून ठेव जरा," ते मला म्हणाले आणि किल्ली फेकली.

किल्ली फिरवली. हीटरचा दिवा लागला, विझला. स्टार्टर मारला. इंजिन फिरलं. चांगलं फिरलं, जोरात, घरघर करत. पण पकडलं नाही. पुन्हा मारला. पुन्हा तेच. गाडी सुरू होण्याआधी एक उचकी देते, ती उचकीसुद्धा येत नव्हती. नुसतं फिरणं.

अंगणाच्या पलीकडे चुलतभावाचं घर आहे. तो तोंडात ब्रश घेऊनच आला.

"गारठलीया," तो म्हणाला. "दम दे जरा."

थोडा वेळ थांबून दम दिला. परत स्टार्टर मारला. "गारठलीच हाय," तो पुन्हा म्हणाला. आईही दारातून म्हणाली, "गारठ्यानं झालं असंल बाई." दूध घालायला निघालेला एक माणूस मोटारसायकल थांबवून तेच म्हणाला. रस्त्यावरून जाणाऱ्या दोन बायकाही तेच बोलत गेल्या. कचेरीत माझ्या टेबलावर जी बातमी येते, तिच्यात 'असं म्हणतात' हे शब्द दिसले की मी ते खोडते आणि कोण म्हणतं ते विचारते. इथे विचारायची सोय नव्हती. सगळेच म्हणत होते.

उपायही सगळ्यांनीच सांगितले. आईने बंबातलं कढत पाणी आणलं. चुलतभावाने फडकं भिजवून इंजिनाच्या नळ्यांवर गुंडाळलं. काही झालं नाही. मग त्याने घमेल्यात निखारे आणले आणि इंजिनाच्या पोटाखाली सरकवले.

"आबा, लेहला असंच करत हुता न्हवं तुमी?" त्याने वडिलांना विचारलं. गावात सगळे त्यांना आबाच म्हणतात.

"लेहला डिझेल गोठत हुतं," वडील कट्ट्यावरून म्हणाले. "हितं तुझं नाक तरी गोठलंय का? ह्याला गारठा म्हणतूस व्हय रं?"

"मग काय झालंय ते तरी सांगा."

"मला इचारू नगा. माझं डोकं तपासायचं हाय. तपासून झालं की इचारा."

हे त्यांनी आमच्याकडे न बघता सांगितलं आणि चहाचा कप बाजूला ठेवला. निखाऱ्यांच्या राखेने माझी सलवार भरली होती. गाडी तशीच होती.

गावाजवळच्या मोठ्या रस्त्यावर एक मेकॅनिक आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "सेल्फ घेती का?"

"घेते. इंजिन फिरतं. पण सुरू होत नाही."

"म्हंजी सेल्फ घेत न्हाई."

"घेते. फिरतं इंजिन. नीट फिरतं."

"फिरतंय तर चालू का व्हईना?"

"तेच तुम्हाला विचारतेय."

एवढ्यात आईने माझ्या हातातून फोन घेतला. "आवं, सेल्फच घेत न्हाई बगा सकाळपास्नं," ती त्याला म्हणाली. "या की लवकर. दवाखान्यात जायचंय." आणि फोन बंद करून मला म्हणाली, "येतो म्हणाला. बॅटरी घिऊन येतो."

आमच्या भागात बंद पडलेल्या प्रत्येक गाडीला 'सेल्फ घेत नाही' म्हणतात. डिझेल संपलं असलं तरी म्हणतात. स्टार्टर फिरत नसेल तर दोष वेगळा, फिरत असूनही गाडी सुरू होत नसेल तर दोष वेगळा, हा फरक त्या वाक्यात शिल्लक राहत नाही. मी पुन्हा फोन लावला. उचलला गेला नाही. तो बॅटरी शोधायला गेला होता. जिची गरज नव्हती ती वस्तू आणायला एक माणूस निघाला होता आणि त्याला थांबवायचा मार्ग माझ्याकडे नव्हता.

मिरजेला फोन केला. तिथल्या बाईंनी सांगितलं, डॉक्टर जेवायला उठले की परत बसत नाहीत. त्याआधी या. मी म्हटलं, गाडीत बिघाड आहे. त्या म्हणाल्या, "थंडीमुळं होतं असं."

मग चुलतभावाने ट्रॅक्टर काढला. जीपला दोर बांधला, मी स्टीअरिंगवर बसले, गियर टाकून क्लच सोडायचा. जीप वाड्यावस्त्यांच्या रस्त्यावरून झटके खात ओढली गेली. मागून कुत्री आली. क्लच सोडला की चाकं फरफटत, इंजिन फिरे, गाडी आता पकडेल असं वाटे, आणि क्लच दाबला की पुन्हा शांत. हनुमानाच्या देवळापर्यंत गेलो आणि परत आलो. ट्रॅक्टरवरून चुलतभाऊ ओरडत होता, "सोड, ताई, सोड आता!" मी सोडत होते. अंगणात परत येऊन जीप जिथे होती तिथेच उभी राहिली, फक्त तोंड उलट्या दिशेला.

"पंप गेला," चुलतभाऊ म्हणाला. मघाशी तो गारठा म्हणत होता. "पंप काढून सांगलीला न्यायला लागंल."

"एसटी किती वाजता आहे?" मी आईला विचारलं.

"एसटीनं मी येत न्हाई," वडील म्हणाले. "अट काय ठरलीया?"

"आबा, डॉक्टर थांबणार नाहीत."

"मग ऱ्हाऊ दे. माझी गाडी गारठली, मी काय करू?"

ते हसत होते. राग आला तो गाडीचा, मेकॅनिकचा, ट्रॅक्टरचा आणि त्यांच्या त्या हसण्याचा. त्यांना न जाण्याचं कारण हवं होतं. ते अंगणात उभं होतं आणि आम्ही सकाळपासून त्याला शेकत होतो.

आई त्यांच्याजवळ गेली. "आवं, बघा तरी एकदा," ती म्हणाली. "तुमच्यासारखं कळणारं हाय का कोण हितं?"

ते उठले. "बघतो," ते म्हणाले. "पण ऐका. बिघाड मी काढला तर मिरजंला जायचं न्हाई. ज्याला गाडीच्या पोटातलं कळतंय, त्याच्या डोस्क्यात काय बिघाड असणार? सांग, पोरी. तू शिकल्याली हाईस."

माझ्याआधी चुलतभाऊ म्हणाला, "बरोबर बोलत्यात आबा."

त्यांनी कानटोपी काढून खिशात घातली, बाह्या वर केल्या आणि मला म्हणाले, "बस. स्टार्टर मार." स्वतः मात्र इंजिनाकडे गेले नाहीत. गाडीच्या मागे जाऊन सायलेन्सरजवळ उभे राहिले. मी स्टार्टर मारला.

"बास. धूर आला का?"

"नाही," मी म्हटलं.

"सकाळपास्नं आला का?"

कुणालाच सांगता येईना. बघितलंच नव्हतं.

"गारठ्यानं गाडी चालू व्हईना झाली तर डिझेल आत जातंय, पर पेटत न्हाई. ते तसंच मागनं बाहेर पडतंय. पांढरा धूर. वास मारतोय. हितं कायच न्हाई." त्यांनी सायलेन्सरला नाक लावलं. "सुकं. म्हंजी डिझेल आत जातच न्हाई. इंजान उपाशी हाय आन् तुमी त्याला शेकत बसलाय."

पुढचं त्यांनी न थांबता केलं. फिल्टरवरचा हातपंप दाबला, स्क्रू सैल केला. डिझेल आलं, स्वच्छ, बुडबुडा नाही. म्हणजे टाकीपासून फिल्टरपर्यंत ठीक. पुढे पंपातून इंजिनात जाणाऱ्या नळीचा नट सैल केला आणि मला स्टार्टर मारायला लावला. नळीच्या तोंडाशी थेंबही आला नाही. "बघ. पंपापत्तोर येतंय. पंपातनं फुडं जाईना."

"मग पंपच की गेला," चुलतभाऊ म्हणाला.

"घाई करू नगंस. पंपाला करंट लागतो. किल्ली फिरवली की करंट जातोय आन् पंपाचं दार उघडतंय. दार उघडलं तर डिझेल फुडं जाणार. गाडी बंद करताना करंट तुटतोय, दार मिटतंय." ते मोकळ्या हाताने दार उघडून मिटून दाखवत होते. "दार उघडलं की टक्कन वाजतंय. किल्ली फिरव."

मी किल्ली फिरवली. काही वाजलं नाही.

दोन वायर जोडलेला एक बल्ब त्यांनी आतल्या खोलीतून आणला. कुठे ठेवला आहे हे त्यांना शोधावं लागलं नाही. तो पंपाच्या वायरला लावला. लागला नाही. फ्यूज पाहिला. ठीक होता.

मी स्टीअरिंगवर बसून त्यांच्याकडे बघत होते. त्यांचा हात थांबत नव्हता, शब्द अडत नव्हता. एका गोष्टीवरून दुसरीवर ते पोचत होते आणि मधली एकही पायरी गाळत नव्हते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बातम्यांमध्ये इतकी सुसूत्रता नसते. आई दारात उभी होती. तिने पिशवी खाली ठेवली होती. तिच्या मनात काय आहे ते मला कळत होतं, कारण तेच माझ्याही मनात होतं. कदाचित जायला नको. वाट चुकतेच कधी, जीभ घसरते. आणि लगेच वाटलं की आज गेलो नाही तर ते कधीच येणार नाहीत. गाडी सुरू व्हावी असं वाटत होतं. त्यांनी सुरू करू नये असंही वाटत होतं. ते दोन्ही एकाच वेळी वाटण्याचा वैताग आला होता.

"ही वायर बघ," ते म्हणाले. "ही गाडीची न्हवं. गाडीची वायर काळी. ही तांबडी मागनं कुणीतरी जोडलीया. आन् जोड बघ कसा. नुसती टेप गुंडाळलीया. कुणाचं हे गबाळं काम?"

ती तांबडी वायर इंजिनाच्या मागच्या पत्र्यातून आत आली होती. त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं. खाली वाकून त्यांनी मॅट उचललं आणि वायर बोटाने चाचपत ड्रायव्हरच्या सीटखाली गेले. तिथे, सीटच्या लोखंडी चौकटीच्या आतल्या बाजूला, बाहेरून दिसणार नाही असं एक छोटं बटण होतं. त्यांनी ते दाबलं. पुढे इंजिनात टक्कन वाजलं.

"ऐकलंस?"

किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. सगळं अंगण हललं, कोंबड्या पळाल्या, सायलेन्सरमधून पांढरा धूर आला आणि मग काळा. चुलतभावाने टाळी वाजवली.

"चोरबटण!" तो ओरडला.

आमच्याकडे गाडी चोरीला जाऊ नये म्हणून असं बटण बसवतात. ते बंद असलं की इंजिन फिरतं पण गाडी सुरू होत नाही. चोर कंटाळून जातो. ते कुठे आहे हे घरात कुणाला सांगायचं नाही, बायकोलासुद्धा नाही, असा रिवाज आहे. सांगितलं की फुटतं. ज्याने बसवलं त्यालाच ठाऊक असतं.

वडील सीटखालून बाहेर आले. गुडघ्यावर माती होती. चेहऱ्यावर शोध लागल्याचा आनंद होता.

"ह्ये कुणी बसवलं?" त्यांनी विचारलं.

चुलतभाऊ हसला. त्याला वाटलं, ते थट्टा करताहेत. "आवं आबा, तुमीच की! मागल्या वर्षी गावातल्या बॅटऱ्या चोरीला गेल्या तवा. वडूजचा इलेक्ट्रिशियन आला न्हवता का? आदी माज्या ट्रॅक्टरला केलं, मग तुमच्या जीपला. मला तुमी हितनं हाकललं, बघू नगंस म्हणून."

"मग सकाळपासून बोलला का नाहीस?" मी त्याला विचारलं.

"मी काय बोलू? मालक समोर बसल्याला. त्येनं आदी बटणच बघितलं असणार न्हवं? कुणी इचारतंय का असं?"

त्याचं बरोबर होतं. कुणी विचारत नाही.

वडील त्याच्याकडे बघत राहिले. मग आईकडे वळले. आई म्हणाली, "मला बटणाचं म्हाईत न्हाई. पर रोज झोपायच्या आदी तुमी गाडीत जाऊन येता. मला वाटायचं, काचा लावायला जाता."

जीप चालू होती. बोलणं ऐकू यावं म्हणून कुणी ती बंद केली नाही. सगळ्यांना भीती होती, पुन्हा बंद केली तर. वडिलांनी फडक्याने हात पुसले. एकेक बोट पुसलं. वाकून पुन्हा एकदा सीटखाली हात घातला आणि बटण चाचपलं, दाबलं मात्र नाही. मग त्या तांबड्या वायरीकडे बघितलं.

मी वाट बघत होते. बिघाड त्यांनी काढला होता. ठरल्याप्रमाणे ते आता म्हणणार होते की मी जिंकलो, पिशवी आत न्या. माझ्याकडे त्यावर उत्तर होतं आणि ते मला द्यायचं नव्हतं.

त्यांनी खिशातून कानटोपी काढली, घातली. गाडीला पुढून वळसा घेतला आणि डाव्या बाजूचं दार उघडून आत बसले. त्या बाजूला बसलेलं मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं.

"चालव," ते म्हणाले. "आन् वाटंत बंद करू नगंस."

आई मागे बसली. रस्त्यात मेकॅनिक समोरून आला, मोटारसायकलवर, मांडीवर बॅटरी धरलेला एक जण मागे. आम्ही हात केला. तो थांबला आणि चालत्या जीपकडे बघत राहिला. पुसेसावळी गेली, विटा गेलं. उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकत, वाट मिळेल तिथे पुढे काढत आम्ही तासगावातून मिरजेकडे निघालो. एकदा वडिलांनी हात माझ्या सीटखाली घातला आणि परत घेतला.

डॉक्टर जेवायला उठायच्या बेतात होते. बाईंनी आत सोडलं. डॉक्टर तरुण होते, घाईत दिसत होते, पण आवाजात घाई नव्हती. त्यांनी आम्हाला काही विचारलं नाही. वडिलांना म्हणाले, "आबा, आज सकाळी उठल्यापासून काय काय केलं, ते सांगा बघू."

वडिलांनी सांगितलं. इंजिन फिरत होतं, गाडी सुरू होत नव्हती. सगळे गारठा म्हणत होते. धूर नव्हता. डिझेल पंपापर्यंत येत होतं, पुढे जात नव्हतं. करंट तुटला होता. वेगळी वायर होती. सीटखाली बटण होतं. क्रम बरोबर होता, एकही गोष्ट सुटली नव्हती. निखारे, कढत पाणी, ट्रॅक्टरचा दोर, सगळं आलं. डॉक्टर कागदावर काही लिहीत नव्हते, ऐकत होते.

"छान," ते म्हणाले. "ते बटण कुणी बसवलं होतं?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे. मी काही बोलायच्या आत ते डॉक्टरांकडे वळले.

"मीच बसवलंय," ते म्हणाले, "असं म्हणत्यात."